छत्तीस महिन्यांची वॉरंटी आणि दोन दिवसांचा वाफसा

(नांदगाव खंडेश्वर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावावर आणि सोयाबीनच्या खरेदीवर बोलणारी मंडळी माझ्यानंतर आहेत. माझ्याकडे विषय आला आहे बॅटरीचा. नाव ऐकून मागच्या रांगेत दोघे-चौघे हसले, ते मी पाहिलं. हसा. पण तुमच्यापैकी ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे, पिकअप आहे, जुनी का होईना चारचाकी आहे, त्यानं गेल्या पाच वर्षांत बॅटरीवर किती पैसे घातले ते मनातल्या मनात मोजावं. मग हसू आपोआप थांबेल. बियाण्याच्या पिशवीमागे पन्नास रुपये वाढले तर आपण मोर्चा काढतो. दुकानदारानं "भाऊ, ही छत्तीस महिन्यांची आहे, दीड हजार जास्त पडतील" म्हटलं की निमूट काढून देतो. त्या दीड हजारात काय मिळतं, हे आज पाहू.

अकोल्याच्या ज्या कृषी विद्यापीठाला आपल्याच तालुक्यातल्या पापळच्या भाऊसाहेबांचं, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव आहे, तिथं मी शेती शिकलो. तिथं पहिल्याच वर्षी आम्हाला बियाण्याच्या पिशवीवरची खूणचिठ्ठी वाचायला लावली. उगवणशक्ती किती, शुद्धता किती, चाचणी कधी झाली, मुदत कधी संपते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला उगवणशक्तीची अट किमान ७० टक्के असते. म्हणजे शंभरातले तीस दाणे उगवले नाहीत तरी चिठ्ठी खोटी ठरत नाही. बॅटरीसोबत मिळणारं कार्ड असंच वाचायचं. मोठ्या अक्षरात काय लिहिलं आहे ते सोडा, बारीक अक्षरात काय लिहिलं आहे ते पहा.

आता ही "छत्तीस महिने" म्हणजे काय भानगड? बहुतेक कार्डांवर हा आकडा दोन तुकड्यांत असतो : १८ अधिक १८, किंवा २४ अधिक २४. पहिल्या तुकड्यात बॅटरी कारखान्याच्या दोषानं गेली तर बदलून फुकट मिळते. आपल्याकडे यालाच लोक गॅरंटी म्हणतात. दुसऱ्या तुकड्यात फुकट काही नाही. नव्या बॅटरीच्या किमतीत काही टक्के सूट मिळते, आणि जसजसे महिने जातात तसतशी ती घटत जाते. ही वॉरंटी. दुकानदार दोन्हींची बेरीज करून एकच आकडा सांगतो. बेरीज बरोबर असते, पण ज्वारी आणि कडब्याची बेरीज करून "इतके क्विंटल पिकलं" म्हणण्यातली ती गत आहे.

दुसऱ्या तुकड्याचा हिशोब फळ्यावर मांडतो. आकडे मी समजण्यापुरते धरले आहेत, घरी गेल्यावर प्रत्येकानं आपल्या बिलावरचे घालावे.

समजा ट्रॅक्टरच्या बॅटरीची छापील किंमत १०,००० रुपये आहे. छापील किमतीला बॅटरी घेणारा माणूस मी अजून पाहिला नाही. दुकानदार ती ७,५०० ला देतो. जुनी बॅटरी दिली तर भंगाराचे १,५०० वजा करतो. म्हणजे कोणत्याही वॉरंटीशिवाय, नुसतं बाजारात उभं राहून, तुम्हाला नवी बॅटरी ६,००० ला पडते.

आता १८ अधिक १८ वाली तुमची बॅटरी पंचविसाव्या महिन्यात गेली. कार्डाप्रमाणे, समजा, ३० टक्के सूट आहे. कशावर? छापील किमतीवर. दहा हजारातून तीन हजार गेले, उरले ७,०००. आणि जुनी बॅटरी कंपनीकडे जमा. तिचे पैसे नाहीत. म्हणजे वॉरंटी वापरली तर सात हजार, नाही वापरली तर सहा हजार! वॉरंटीनं तुम्हाला एक हजाराला महाग पाडलं. या हिशोबात सूट ४० टक्क्यांच्या वर असेल तरच तिला अर्थ आहे, आणि तेवढी सूट असलीच तर दुसऱ्या तुकड्याच्या पहिल्या काही महिन्यांतच असते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे : अधिक चिन्हाच्या पुढचा आकडा किंमत ठरवताना शून्य धरावा. मिळालं काही तर वरकमाई समजा.

मग उरतो पहिला आकडा, फुकट बदलीचा. त्यासाठी जास्त पैसे द्यावे का? इथं सरसकट उत्तर देणारा माणूस दुकानदाराचा सोयरा समजावा, कारण गाडीगाडीत फरक आहे.

समजा एक बॅटरी १८ महिने फुकट बदलीची, ६,००० ला. दुसरी त्याच ताकदीची, म्हणजे तेवढ्याच अँपिअर-अवरची, ३० महिने फुकट बदलीची, ७,५०० ला. पंधराशे रुपये तुम्ही एकोणिसाव्या ते तिसाव्या महिन्याच्या संरक्षणासाठी देता. पंधराशे म्हणजे सहा हजाराचा चौथा हिस्सा. तेव्हा प्रश्न एवढाच : तुमच्या गावात अशा चार बॅटऱ्यांपैकी एक तरी बरोबर याच बारा महिन्यांत मरते का? मरत असेल तर सौदा बरोबरीत सुटतो. दहातून एखादी मरत असेल तर तुम्ही कंपनीचा विमा भरता आहात, स्वतःचा नाही. आणि फुकट बदलून मिळालेल्या बॅटरीला बहुतेक कार्डांप्रमाणे नवी मुदत मिळत नाही, जुन्या मुदतीतले उरलेले महिनेच मिळतात, हेही त्यात धरा.

दुकानदार म्हणेल, भाऊ, महागाची मुळातच मजबूत असते. असेलही. जास्त मुदतीच्या बॅटरीत कधी कधी खरोखरच शिसं जास्त घातलेलं असतं. ते ओळखायला इंजिनीअर लागत नाही. दोन्ही बॅटऱ्या काट्यावर ठेवायला सांगा. ताकदीचा आकडा सारखा, वजन सारखं आणि किंमत मात्र पंधराशेनं जास्त, तर फरक फक्त कार्डाच्या रंगाचा आहे. आपला कापूस ते लोक काट्यावर घेतात, त्यांची बॅटरी आपण काट्यावर घेतली तर बिघडलं काय?

पिकअपवाल्याचं गणित निराळं आहे. त्याची गाडी नांदगावहून बडनेरा, अमरावती, इकडे नेर, यवतमाळ अशी रोज पळते, समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेल्यापासून तर काहींची आणखी लांब जाते. रोजच्या गाडीची बॅटरी रोज भरते, रोज वापरात असते. तिचे महिने म्हणजे कामाचे महिने. अशा गाडीला लांब मुदत परवडू शकते. पण भाड्यानं चालणाऱ्या गाडीला अनेक कार्डांवर मुदत कमी असते, तेव्हा घरच्या कारचा आकडा ऐकून पिकअपची बॅटरी घेऊ नका. तुमच्या वाहनाच्या नावापुढे कार्डावर काय छापलं आहे ते बोट ठेवून वाचून घ्या.

ट्रॅक्टरची गोष्ट उलटी आहे. पेरणी, डवरणी, फवारणी, मग हरभऱ्याची तयारी, मळणी, उन्हाळी नांगरटी, आणि मधे मधे हप्तेच्या हप्ते तो गोठ्याशेजारी उभा. वॉरंटीचे महिने मात्र कॅलेंडरचे असतात. ट्रॅक्टर चालो की उभा राहो, कार्ड चालूच आहे. आणि उभी बॅटरी आराम करत नसते, ती मरत असते. हे थोडं समजून घ्या, कारण सगळे दावे इथंच अडतात.

१८५९ साली प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं शिशाच्या पट्ट्या गंधकाच्या तेजाबात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. आपल्या ट्रॅक्टरखालची बॅटरी तिचीच नात आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा खण असतात, एकेक साधारण दोन व्होल्टचा. बॅटरी उतरते तेव्हा पट्ट्यांवर शिशाचा पांढरा क्षार धरतो. लगेच भरली तर तो विरघळतो. पंधरा दिवस, महिना तशीच ठेवली तर त्याचे खडे बनतात, आणि मग कितीही चार्जिंगला लावा, पट्टी जागी होत नाही. चोपण जमिनीसारखंच आहे, एकदा घट्ट झाली की पाणी वरूनच वाहून जातं. उन्हाळ्यात हे सगळं वेगानं होतं. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की आतली झीज दुपटीच्या घरात जाते, असा ढोबळ नियम आहे. अमरावती-अकोल्याचा मे महिना ४५ अंशांचा. त्यात पत्र्याच्या शेडखाली उभा ट्रॅक्टर. बॅटरीचं पाणी उडतं, पट्ट्या उघड्या पडतात, आणि कंपनीचं कार्ड घरात देवाच्या फोटोमागे सुरक्षित!

मग मृग येतो. पाऊस पडतो, वाफसा होतो, आणि सेल्फ मारला तर नुसतं "टक्". आपल्या काळ्या जमिनीचा वाफसा दोन दिवस थांबला तर नशीब. तुम्ही बॅटरी काढून दुकानात नेता. दुकानदार म्हणतो, ठेवून जा, चार्ज करून पाहू, मग कंपनीचा माणूस तपासेल. त्याचंही बरोबर आहे, उतरलेली बॅटरी तपासताच येत नाही, आधी भरावीच लागते. पण त्यात दोन-तीन दिवस जातात. तोवर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानं, तोही त्याचं झाल्यावर. मागून पुन्हा पाऊस आला तर पेरणी आठवडाभर लांबते. सोयाबीनची पेरणी आठवडाभर लांबली तर शेंगा भरताना काय होतं, ते तुम्हाला मी सांगावं असं नाही. कार्ड बॅटरी भरून देतं, वाफसा भरून देत नाही. म्हणून बॅटरी घेताना महिन्यांच्या आधी दुकानदाराला एक प्रश्न विचारा : तपासणी चालू असेपर्यंत मला वापरायला दुसरी बॅटरी देणार का? जो हो म्हणेल आणि बिलावर लिहून देईल, त्याच्याकडची अठरा महिन्यांची मी अमरावतीच्या शोरूमच्या तीस महिन्यांच्या वर ठेवीन.

दावा फेटाळला जातो तो बहुतेक कशामुळे, तेही सांगतो. तपासणारा माणूस सहाही खणांतल्या तेजाबाची घनता काचेच्या नळीनं मोजतो. भरलेल्या चांगल्या बॅटरीत ती साधारण १.२५ ते १.२८ असते. पाच खण ठीक आणि एकच खण मेलेला असेल, तर तो बहुधा कारखान्याचा दोष असतो आणि बॅटरी बदलून मिळते. सहाही खण सारखेच खाली असतील, तर तो लिहितो "उतरलेली आहे", चार्ज करून परत देतो. पाणी काळपट, पट्ट्या झडलेल्या, तर म्हणतो तुमचा अल्टरनेटर जास्त भरतो आहे, आमचा दोष नाही. डबा फुटलेला, टर्मिनल ठोकून वाकलेलं, तर प्रश्नच मिटला. आणि गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर लाईट-भोंगे लावले होते किंवा घरी इन्व्हर्टरला जोडली होती, असं कळलं तर कार्ड बाद.

यातलं पुष्कळसं आपल्या हातात आहे. इंजिन चालू असताना टर्मिनलवर मीटर लावला तर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान दिसायला हवेत. वायरमनकडून पाच मिनिटांत पाहून घ्या. त्याहून जास्त असेल तर नवी बॅटरी घालणं म्हणजे फुटक्या हौदात पाणी सोडणं आहे. रात्रभर उभ्या बॅटरीत १२.६ च्या आसपास हवेत, १२.४ च्या खाली गेली की भरायला न्या. खणांत फक्त डिस्टिल वॉटर घाला. विहिरीचं नाही, खारपाणपट्ट्यातल्या दर्यापूरकडच्या पाव्हण्यांनी तर बोअरचं नावही काढू नये, आणि गावातल्या फिल्टरच्या कॅनचंही नाही. तेजाब तर कधीच घालू नका. उडतं ते पाणी, तेजाब आतच राहतं. "मेंटेनन्स फ्री" बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर विसंबू नका, तो सहापैकी एकाच खणाचं सांगतो. बॅटरीची पट्टी घट्ट आवळा, रोटाव्हेटरच्या हादऱ्यानं पट्ट्यांवरचा मसाला झडतो. टर्मिनलवर पांढरं-हिरवं आलं तर गरम पाणी आणि खाण्याचा सोडा, मग व्हॅसलीन. आणि ट्रॅक्टर हप्तेच्या हप्ते उभा राहणार असेल तर काळी वायर, म्हणजे निगेटिव्ह, सोडून ठेवा. रोहिणी लागल्या की एकदा चार्जिंगला लावून आणा. याला फार तर दीडदोनशे रुपये लागतात, आणि वाढीव वॉरंटीचे पंधराशे जे करत नाहीत ते हे करतं.

आता कागदाचं. "बिल पाहिजे असेल तर जीएसटी वेगळा पडेल", हे वाक्य तुम्ही ऐकलं आहे. बॅटरीवर हा कर २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. पण किती का असेना, छापील किमतीत सगळे कर धरलेलेच असतात, तिच्यावर एक रुपयाही जास्त मागता येत नाही. कच्च्या चिठ्ठीवर चारपाचशे वाचवणाऱ्याची वॉरंटी त्याच क्षणी संपते. पक्क्या बिलावर बॅटरीचा नंबर हवा, विक्रीची तारीख हवी, कार्डावर शिक्का हवा. ऑनलाईन नोंद करत असतील तर मोबाईल नंबर तुमचाच हवा, दुकानातल्या पोऱ्याचा नको. बॅटरी कोणत्या महिन्यात तयार झाली तेही विचारा. सहा महिने फळीवर पडून असलेली बॅटरी म्हणजे मागच्या हंगामाचं बियाणं.

आणि दावा केल्यावर "कंपनीत पाठवतो" म्हणून बॅटरी ठेवून घेतली, तर नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय दुकानाबाहेर पाऊल टाकू नका. आपल्यातल्याच एका कास्तकाराची बॅटरी अशी गेली. महिन्यानं दुकानदार म्हणाला, कोणती बॅटरी? दुकानाचं नाव मी इथं घेत नाही, ज्याची गेली तो समोरच बसला आहे, त्याला विचारा.

दाद मागायची वेळ आली तर पहिली उडी वकिलाकडे नको. आधी लेखी तक्रार, स्पीड पोस्टानं, दुकानदाराला आणि कंपनीला दोघांना. १९१५ हा ग्राहकांसाठीचा सरकारी फोन नंबर आहे, तिथं नोंदवा, पुष्कळ प्रकरणं एवढ्यावरच हलतात. नाही हलली तर अमरावतीचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला, त्यानं एक मोठी सोय केली : तुम्ही जिथं राहता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस कोलकात्याला असो की चेन्नईला, तिनं अमरावतीला यावं. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. बिल न देणं हीदेखील या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि नीट चाचणीचा आधार नसलेली हमी देणंही.

समोरचा वकील पहिला मुद्दा काढेल की ट्रॅक्टर म्हणजे धंदा आणि धंदेवाला हा ग्राहक नव्हे. घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे, आणि १९९५ साली सुप्रीम कोर्टानं ते लक्ष्मी इंजिनीअरिंगच्या खटल्यात उलगडून सांगितलं आहे. बियाण्यापुरतं बोलायचं तर २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात त्याच कोर्टानं शेतकरी हा ग्राहक आहे असं स्वच्छ म्हटलं. मात्र ज्याचे तीन ट्रॅक्टर ड्रायव्हर ठेवून भाड्यानं फिरतात, त्यानं हा आधार फार ताणू नये.

जाता जाता भंगाराचं. जुनी बॅटरी गावात फिरणाऱ्या भंगारवाल्याला दोनशे जास्त मिळतात म्हणून देऊ नका. तो तेजाब नाल्यात ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवतो. शिसं मातीत गेलं की निघत नाही, आणि लेकरांच्या रक्तात गेलं तर त्याहून वाईट. जुनी बॅटरी दुकानदारानं परत घ्यावी आणि त्याबद्दल सूट द्यावी हे २००१ च्या नियमांतच होतं, आणि २०२२ च्या नव्या नियमांनी गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. मघाचे पंधराशे मी हिशोबात धरले ते म्हणूनच.

चारातली एक की दहातली एक, हा आकडा मात्र कोणतीही कंपनी तुम्हाला देणार नाही. तिच्याकडे तो आहे. आपल्याकडे नाही, कारण आपण कधी लिहून ठेवला नाही. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. तिच्यात गाव, वाहन, बॅटरीची ताकद, फुकट बदलीचे महिने, घेतल्याचा महिना आणि मेल्याचा महिना एवढंच लिहा. नाव लिहिलं नाही तरी चालेल. मंगरूळ चव्हाळा, पापळ, लोणी, जिथून जिथून मंडळी आली आहेत, तिथल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांकडे जाऊन ही माहिती आणायची आहे. रोहिणीच्या आधीच्या बैठकीत ती वही फळ्यावर मांडू. बिल आणि कार्ड ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती त्या दिवशी सोबत आणावी. एक मीटर आणि घनता मोजायची नळी मी घेऊन येतो, ज्यांना बॅटरी तपासून घ्यायची आहे त्यांनी ट्रॅक्टर सभेच्या जागी उभे करावे. शक्यतो उतारावर.